चारचौघांसारखे होण्यातले सुख : कुमारसाहित्याच्या संपादक-प्रकाशकांना खुले पत्र

मराठीत कुमारवयीन वाचकांसाठी पुस्तके काढणारे संपादक आणि प्रकाशक यांस,

सप्रेम नमस्कार.

आठवी ते दहावीच्या मुलामुलींबरोबर पुस्तके वाचणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. जिथे सारे काही शिस्तीत चालते आणि त्याच शिस्तीत माणूस गुदमरतो अशा कल्पित राज्यांच्या गोष्टी, ज्यांना आपण डिस्टोपियन कादंबऱ्या म्हणतो, या वयात किती आवडीने वाचल्या जातात हे आपल्यालाही ठाऊक असेल. माझ्या पाहण्यातली बहुतेक मुले त्या इंग्रजीतून वाचतात किंवा त्यांवरचे चित्रपट पाहून थांबतात, आणि ज्यांचे इंग्रजी वाचन अजून कच्चे आहे त्यांच्या वाट्याला त्यातली पळापळ आणि मारामारी तेवढी येते. ही पुस्तके अधिक संख्येने मराठीत यावीत आणि या प्रकारचे नवे लेखन मराठी लेखकांकडून करवून घ्यावे, ही माझी पहिली विनंती. परंतु त्यांतली कोणती निवडावीत आणि निवडल्यावर त्यांना हात कसा लावावा, हा या पत्राचा खरा विषय आहे. ज्या पुस्तकात सर्वांसारखे होणे हे सुखाचे, सोयीचे आणि मायेचेही वाटते, ते पुस्तक मुलांना वेगळेपणाविषयी विचार करायला भाग पाडते. ज्यात सर्वांसारखे होणे फक्त बंदुकीच्या धाकाने घडते, ते पुस्तक वाचकाला आपण शूर असल्याचा आयता आनंद देऊन संपते, असे माझे मत आहे.

उदाहरण म्हणून लोइस लोरी यांची १९९३ साली प्रसिद्ध झालेली ‘द गिव्हर’ ही कादंबरी घेते. अमेरिकेतील बालसाहित्याचा न्यूबेरी पुरस्कार तिला १९९४ साली मिळाला. बारा वर्षांचा जोनस ज्या वसाहतीत राहतो तिथे भूक नाही, युद्ध नाही, बेकारी नाही. प्रत्येक घरात एक मुलगा आणि एक मुलगी, याहून अधिक नाही. तीही त्या घरात जन्मलेली नसून समितीने दिलेली. सकाळी प्रत्येकाने रात्रीचे स्वप्न सांगायचे, संध्याकाळी दिवसभरातल्या भावना सांगायच्या, आणि घरातल्यांनी शांतपणे समजूत घालायची. दरवर्षी डिसेंबरमध्ये समारंभ होतो आणि त्या वयाची सर्व मुले एकाच दिवशी एका वर्षाने मोठी होतात. नवव्या वर्षी सायकल मिळते, बाराव्या वर्षी ज्येष्ठ मंडळी प्रत्येकाचे काम जाहीर करतात. यातला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या जाकिटांना बटणे पाठीवर असतात, त्यामुळे कोणालाच स्वतःचे जाकीट स्वतः घालता येत नाही आणि एकमेकांची मदत घेण्याची सवय लागते. सातव्या वर्षी पुढे बटणे असलेले जाकीट मिळते, ती स्वावलंबनाची पहिली खूण. असा विचार करून कपडे शिवणाऱ्या समाजाला वाईट कसे म्हणणार? आमच्या गटातील मुलांना ही कल्पना इतकी आवडली की ती आपल्याकडे का नसावी, असे दोघीतिघींनी विचारले. लोरी यांचे कौशल्य नेमके इथे आहे : त्या वाचकाला आधी त्या वसाहतीचा रहिवासी करून घेतात.

पुढे जोनसला कळत जाते की या सुखासाठी काय काय सोडून दिलेले आहे. रंग सोडले, कारण रंग दिसले की निवड आली. एकेकाळी माणसांच्या कातडीचेही निरनिराळे रंग असत, हेही त्याला सांगावे लागते. टेकड्या आणि बर्फ सोडले, कारण त्यांनी वाहतूक आणि शेती अडते. जुन्या आठवणी एकाच माणसाकडे साठवून ठेवल्या, म्हणजे बाकीच्यांना त्यांचा त्रास नको. यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी भल्या हेतूनेच काढून घेतली आहे. जोनसचे वडील नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम करतात आणि ते खरोखर प्रेमळ आहेत. एका अशक्त बाळाची वाढ व्हावी म्हणून ते नियम मोडून त्याचे ठरलेले नाव आधीच पाहून येतात आणि त्याला त्या नावाने हाक मारतात. हेच वडील जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या बाळाला, लाडीगोडीच्या आवाजात त्याच्याशी बोलत, सुई टोचून मारतात आणि खोक्यात घालून टाकून देतात. त्यांच्या मनात द्वेष नाही. आपण काय केले हे त्यांना समजतही नाही, कारण समजण्यासाठी ज्या आठवणी लागतात त्या त्यांच्याकडे नाहीत. इथे वाचकाला कोणावर रागवावे हे कळत नाही, आणि माझ्या अनुभवात वर्गातली सर्वांत चांगली चर्चा या प्रसंगानंतरच होते.

२०१४ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा काय झाले ते पाहण्यासारखे आहे. नायकाचे वय वाढवले, प्रेमकथेला जागा करून दिली, आकाशातून पाठलाग करणारी यंत्रे आणली, आणि पुस्तकात जेमतेम दिसणाऱ्या मुख्य ज्येष्ठेचे रूपांतर सूत्रे हलवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यात केले. खलनायक मिळाल्याबरोबर प्रेक्षकाची सुटका झाली : दोष त्या बाईचा, आपल्यासारख्या साध्या माणसांचा नाही. मराठी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर किंवा मलपृष्ठावरच्या मजकुरात ‘क्रूर राजवटीविरुद्ध एका धाडसी मुलाचा लढा’ असे काही छापले, तर हेच नुकसान कमी खर्चात होईल. पहिल्या काही प्रकरणांत वाचकाला फसू द्यावे लागते. मलपृष्ठाने त्याला आधीच सावध करणे म्हणजे लेखिकेच्या कामावर पाणी टाकणे.

हे पुस्तक मुलांच्या हाती पडू नये असे अमेरिकेत अनेक पालकांना वाटले. बालहत्या, दयामरण आणि आत्महत्या या विषयांवरून शाळांमध्ये आणि ग्रंथालयांमध्ये तक्रारी झाल्या, आणि १९९० च्या दशकात ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वाधिक हरकती नोंदल्या गेल्या त्यांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत ते बरेच वरच्या क्रमांकावर आहे. त्या पालकांची टिंगल करण्याची माझी इच्छा नाही. आपल्या मुलाला दुःखाची ओळख उशिरा व्हावी असे वाटणे स्वाभाविक आहे. वसाहतीतल्या ज्येष्ठांनाही तेच वाटत होते, एवढे मात्र नोंदवते.

याच्या कितीतरी आधी, १९६२ साली, मॅडेलिन लेंगल यांनी ‘अ रिंकल इन टाइम’मध्ये कमाझोट्झ नावाच्या ग्रहावरची एक गल्ली रंगवली होती. सगळी घरे एकसारखी, प्रत्येक घरासमोर एक मूल, आणि सर्व मुले एकाच ठेक्यात चेंडू आपटत आहेत, एकाच ठेक्यात दोरीवरच्या उड्या मारत आहेत. एका मुलाचा चेंडू ठेका चुकवतो आणि निसटतो, तशी त्याची आई घाबरून धावत येते आणि त्याला घरात ओढून नेते. पाहुण्यांनी चेंडू परत आणून दिला तर ती तो घेतही नाही. आमच्या भागातल्या मुलांच्या हातून चेंडू पडत नाहीत, असे सांगून दार लावते. या दृश्यात पोलीस नाही, शिपाई नाही. आईची भीती पुरते. मराठी घरातल्या कोणत्याही मुलाला ही आई ओळखीची वाटेल, आणि म्हणून हे दृश्य हद्दीवरच्या तारेच्या कुंपणापेक्षा आणि पहारेकऱ्यांपेक्षा मला अधिक खरे वाटते.

या कादंबरीची नायिका मेग चिडखोर, हट्टी आणि शाळेत मागे पडलेली आहे. संकटाच्या तोंडावर इतरांना निरनिराळे गुण भेट मिळतात, आणि तिला मात्र तिचे दोषच भेट म्हणून दिले जातात. ते दोषच तिला त्या ठेक्यात सामील होण्यापासून वाचवतात. समान असणे आणि एकसारखे असणे यांतला फरक तिला सुचतो तोही ऐन झगड्यात, रागाच्या भरात, कोणी समजावून सांगितल्यामुळे नव्हे. वेगळेपण म्हणजे काहीतरी दिव्य देणगी, असे मुलांना सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. तुझ्यातली अडचणीची, घरच्यांना न आवडणारी बाजूही तुझीच आहे असे सांगणारी थोडी आहेत.

२००८ साली सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या प्रकाराची लाट उसळली. या लाटेतली सरसकट सगळी पुस्तके घ्यावीत असे मी म्हणणार नाही. अनेकांचा साचा एकच आहे : समाज गटांत वाटलेला, सोळा वर्षांची नायिका कोणत्याच गटात न मावणारी, आणि ती न मावणारी आहे म्हणून जग वाचवण्याचा मान तिचा. व्हेरोनिका रॉथ यांच्या २०११ सालच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये शिकागोतील माणसे पाच गटांत विभागलेली आहेत आणि ही विभागणी माणसाला कशी छाटून टाकते हे कथा दाखवते, पण पुस्तक मिटल्यावर वाचक आपला गट कोणता ते सांगणाऱ्या चाचण्या हौसेने सोडवत बसले. वर्गवारीविरुद्धच्या गोष्टीने वर्गवारीची गोडी वाढवावी, याची मला गंमत वाटते आणि थोडी काळजीही. याउलट स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या २००५ सालच्या ‘अग्लीज’मधली मुलगी सुरुवातीला बंडखोर मुळीच नाही. सोळाव्या वर्षी सर्वांवर शस्त्रक्रिया करून सर्वांना सुंदर करणाऱ्या त्या समाजात ती आपल्या पाळीची आतुरतेने वाट पाहत असते. फोनवरच्या फिल्टरने चेहरा गुळगुळीत केल्याशिवाय फोटो न टाकणाऱ्या मुलामुलींना ती आतुरता समजावून सांगावी लागत नाही.

‘द हंगर गेम्स’ची मालिका मी या साच्यातून बाजूला काढते, आणि त्याचे कारण पहिल्या भागातली झुंज, म्हणजे राजधानीने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुलांना रिंगणात एकमेकांशी मरेपर्यंत लढायला लावणे, हे नसून तिसरा भाग आहे. जुलमी राजधानीविरुद्ध लढणारा तेरावा जिल्हा मुक्तिदाता म्हणून समोर येतो. तिथे रोज सकाळी प्रत्येकाच्या हातावर दिवसाचे वेळापत्रक जांभळ्या शाईने छापले जाते, जेवण मोजून मिळते, कपडे सर्वांना सारखेच. राजधानीने नायिका कॅटनिसला नटवून पडद्यावर उभे केले होते, आता बंडखोरही तिला नटवून प्रचारफितींसाठी उभे करतात. आपल्या बाजूच्या रांगेतही रांगच असते, हे कळायला तिला तीन पुस्तके लागतात आणि कळल्यावर ती जो बाण सोडते तो कोणाला लागतो, हे वाचकाने स्वतःच वाचावे. कुमारवयीन वाचकासाठी हा मोठा प्रश्न आहे, कारण त्याच्या आयुष्यात मोठ्यांच्या शिस्तीइतकीच मित्रमंडळींची शिस्तही कडक असते. पहिला भाग खपला म्हणून तेवढाच काढून पुढचे भाग सोडून देण्याचा मोह आपण टाळावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पुस्तकातली कल्पना वर्गात कशी शिरते याचे एक उदाहरण थायलंडचे आहे. मे २०१४ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि विरोध करणाऱ्या तरुणांनी या मालिकेतला तीन बोटे उंचावण्याचा इशारा उचलला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खोन केन येथे पंतप्रधानांच्या भाषणात हा इशारा करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. २०२० मध्ये शाळकरी मुले सकाळच्या ध्वजवंदनाच्या वेळी रांगेत उभी राहून तीन बोटे वर करू लागली. त्यांच्या मागण्यांत राजकारण होते, तसे केसही होते : मुलांनी लष्करी कापणीचे केस ठेवायचे, मुलींनी कानापर्यंतच, हा तिथल्या शाळांचा जुना दंडक होता. स्वतःला ‘वाईट विद्यार्थी’ म्हणवणाऱ्या गटाने केसांच्या आणि गणवेशाच्या सक्तीविरुद्ध मोहीम चालवली आणि डिसेंबर २०२० मध्ये काही मुले गणवेशाऐवजी घरचे कपडे घालून शाळेत गेली. फेब्रुवारी २०२१ नंतर म्यानमारमध्येही हाच इशारा दिसला. एका कादंबरीमुळे हे सारे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्या मुलांची कारणे त्यांच्या देशात होती. मला लक्षणीय वाटते ते वेगळेच. कादंबरीत तो इशारा बाराव्या जिल्ह्यातल्या अंत्ययात्रांमध्ये क्वचित दिसणारा, कृतज्ञतेचा आणि निरोपाचा आहे. वाचकांनी त्याला आपला अर्थ दिला. अशी पुस्तके कशी वाचावीत हे कोणी त्यांना प्रस्तावनेतून सांगितले नव्हते.

आपल्यापैकी काहींचा आक्षेप असा असेल की या गोष्टी परक्या मातीतल्या आहेत, आणि व्यक्तीला समाजाविरुद्ध उभे करणारे लेखन मुलांना आत्मकेंद्री करील. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर पुस्तकांतच आहे. जोनस वसाहत सोडतो ती एका बाळाला वाचवण्यासाठी आणि आपल्याजवळच्या आठवणी सर्वांकडे परत जाव्यात म्हणून. मात्र त्या आठवणींसोबत युद्ध आणि भूक यांच्या वेदनाही त्या लोकांवर कोसळणार, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही. एकाच्या निर्णयाची किंमत सर्वांनी का द्यावी, हा प्रश्न लेखिका झाकून टाकत नाही. आत्मकेंद्री वाचक घडवायचा असता तर तिने तो झाकला असता.

पहिल्या आक्षेपाविषयी जरा विस्ताराने लिहिते. आपल्या कुमारसाहित्यात खोडकर नायकांची परंपरा मोठी आहे. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांच्यावर आमच्या पिढ्या वाढल्या. पण फास्टर फेणे नियम मोडतो तो चोर पकडण्यासाठी. शेवटी मोठ्यांचे जग जिथल्या तिथे राहते आणि त्याच्या पाठीवर थाप मारते. ‘श्यामची आई’कडे आपण आज्ञाधारकपणाचा धडा म्हणून पाहतो, तरी १९३५ सालच्या त्या पुस्तकात एक प्रसंग असा आहे की अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते आणि मग अंघोळ करायलाही सांगते. रूढी मोडायची आणि पाळायचीही, हे एका दमात. एवढा गुंतागुंतीचा प्रसंग आपण वर्षानुवर्षे मुलांपुढे ठेवला, पण त्यातली अंघोळ चर्चेत आल्याचे मी फारसे पाहिलेले नाही.

आणि बाराव्या वर्षी ज्येष्ठांनी काम नेमून द्यावे ही कल्पना अमेरिकन वाचकाला भविष्यातली भीती वाटते. आपल्याकडे काम जन्माआधीच नेमले जात होते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली. ठरवून दिलेल्या जागेतून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाचे काय होते, याचे असे दस्तऐवज ज्या भाषेत आहेत त्या भाषेला हा विषय परका कसा? ती आत्मकथने प्रौढांसाठी लिहिली गेली. त्यांनी दाखवलेली नेमणुकीची यंत्रणा कल्पितकथेत आणून तेरा-चौदा वर्षांच्या वाचकासाठी मराठी लेखकाने कादंबरी लिहिली, तर ती कोणाची नक्कल ठरणार नाही. आजची सामग्रीही कमी नाही. टक्केवारीवरून तुकड्या, तुकडीवरून बाक, प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीत दर आठवड्याला भिंतीवर लागणारी क्रमवारी, आणि या सगळ्यामागे कर्ज काढून शुल्क भरणारे, मुलावर जीव टाकणारे आईवडील : ‘लातूर पॅटर्न’च्या राज्यात राहणाऱ्या लेखकाला कमाझोट्झ शोधायला दुसऱ्या ग्रहावर जायला नको. अशा कादंबरीतही आईवडिलांना खलनायक करू नये, एवढे संपादकांनी लेखकाला जरूर सांगावे.

आता पुस्तकांना हात लावण्याविषयी. कुमारसाहित्याच्या शेवटी स्वाध्यायासारखे प्रश्न छापण्याची, आणि आरंभी एखाद्या शिक्षणतज्ज्ञाकडून या पुस्तकातून काय घ्यावे हे सांगून घेण्याची पद्धत आपल्याकडे रुजली आहे. इतर पुस्तकांच्या बाबतीत ती मी सहन करते. एकाच उत्तराकडे सर्वांना नेणाऱ्या समाजाची गोष्ट छापून तिच्याखाली अपेक्षित उत्तराचे प्रश्न छापणे मात्र फारच विजोड दिसते. जुळ्या बाळाचा प्रसंग किंवा ‘द हंगर गेम्स’मधले रिंगणातले मृत्यू सौम्य करू नयेत. मुलांना ते झेपणार नाहीत असे वाटत असेल तर वाचकाचे वय एक-दोन वर्षांनी वाढवून छापावे. सर्वांत नाजूक भाग शेवटाचा आहे. ‘द गिव्हर’च्या अखेरीस जोनस आणि ते बाळ बर्फावरून घसरगाडीने उतारावर जातात, खाली दिवे दिसतात, संगीत ऐकू येते, आणि ते खरोखर पोहोचले की थंडीत गारठून गेले हे त्या पुस्तकात सांगितलेले नाही. पुढच्या भागांत त्याचा उलगडा होतो, पण हे पुस्तक एकटे वाचणाऱ्याला ते माहीत नसते आणि असण्याची गरजही नाही. ‘आणि ते सुखरूप पोहोचले’ असे अर्धे वाक्य जोडावे, किंवा पुढच्या भागातली माहिती तळटीपेत द्यावी, असे संपादकाला वाटू शकते. आमच्या गटात या शेवटावरून दोन तट पडले, एक मुलगी तर माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही, कारण खरे उत्तर मला ठाऊक असून मी लपवते आहे असा तिचा समज होता.

अशा एखाद्या अनुवादाचा किंवा नव्या कादंबरीचा मसुदा आपल्याकडे तयार असेल, तर छपाईपूर्वी तो आमच्या गटातल्या मुलांना वाचायला द्यावा. कोणताही मोबदला नको. कुठे कंटाळा आला, कुठे उपदेश सुरू झाला आणि कुठे आपल्याला लहान समजले गेले, हे ती मुले पानांच्या क्रमांकासह लिहून देतात आणि त्यांची मते सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. काय गाळायचे आणि शेवट बदलायचा की नाही, याचा निर्णय आपलाच राहील. तो घेण्याआधी ती टिपणे वाचावीत, इतकेच मागणे आहे.

आपली नम्र,
कुमारवयीन मुलांबरोबर वाचणारी एक शिक्षिका